अमेरिकेत दोन ते चार युनिटचं भाड्याचं घर घेताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मला येणाऱ्या फोनपैकी बहुतेक एकाच प्रकारचे असतात. "घर आवडलंय, ऑफर टाकली, मान्यही झाली. आता जरा नंबर बसतात का बघतोस?" म्हणजे सर्वांत आधी करायचं काम सर्वांत शेवटी आलेलं असतं. ऑफर मान्य झाली की इन्स्पेक्शन (घराची तपासणी), अप्रेझल (कर्ज देणाऱ्यासाठी घराची किंमत ठरवणं) आणि वकील यांचे पैसे खिशातून जाऊ लागतात आणि ते परत येत नाहीत. खर्च झालेल्या पैशांमागे माणूस ओढला जातो आणि नको ते घर घेऊन बसतो. म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे.

इथे मी फक्त दोन, तीन किंवा चार युनिटच्या घरांबद्दल लिहितोय. न्यू जर्सीत त्यांना टू-फॅमिली, थ्री-फॅमिली म्हणतात, शिकागोत टू-फ्लॅट, बॉस्टनकडे ट्रिपल-डेकर. चार युनिटपर्यंत घराला साधं रहिवासी कर्ज मिळतं. पाचवं युनिट आलं की कर्ज व्यावसायिक होतं, व्याजदर, मुदत, कागद सगळं बदलतं. पहिल्या खेपेला चारच्या वर जाऊ नका.

## टप्पा १: घर बघण्याआधी स्वतःचे कागद

पहिला प्रश्न एकच: त्यातल्या एका युनिटमध्ये तुम्ही स्वतः राहणार का? डाऊन पेमेंट, व्याजदर, विमा आणि काही राज्यांत भाडेकरूंचे हक्कसुद्धा या उत्तरावर ठरतात.

राहणार असाल तर फॅनी मे (लेंडरांकडून घरकर्जं विकत घेणारी संस्था) हिच्या नियमांप्रमाणे नोव्हेंबर २०२३ पासून दोन ते चार युनिटच्या घराला ५ टक्के डाऊन पेमेंट चालतं. एफएचएचं, म्हणजे केंद्र सरकारच्या गृहखात्याची हमी असलेलं, कर्ज ५८० किंवा जास्त क्रेडिट स्कोअरवर साडेतीन टक्क्यांत मिळतं, पण त्यात कर्जाच्या १.७५ टक्के विमा सुरुवातीलाच भरावा लागतो आणि शिवाय दरमहाचा विमा असतो. राहणार नसाल तर २५ टक्के धरून चाला. याशिवाय कन्व्हेन्शनल (सरकारी हमी नसलेल्या) कर्जात क्लोजिंगनंतरही, म्हणजे घर नावावर झाल्यावरही, सहा महिन्यांच्या हप्त्यांइतके पैसे शिल्लक दाखवावे लागतात. होता नव्हता तो पैसा डाऊन पेमेंटमध्ये घालणारे इथेच अडकतात.

एच-१बीवर असलेल्यांसाठी दोन गोष्टी. २५ मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्यांना एफएचएचं नवं कर्ज मिळत नाही, त्याआधीचे लेख वाचून बेत आखू नका. कन्व्हेन्शनल कर्ज मात्र कायदेशीर वास्तव्य असलेल्यांना मिळतं. दुसरं, घर घेणं आणि भाडं मिळवणं ही गुंतवणूक झाली. रोजची देखभाल, भाडेकरू शोधणं, दुरुस्त्या हे सगळं स्वतः करायला लागलात की ते काम ठरू शकतं. ही रेषा कुठे आहे हे इमिग्रेशनच्या वकिलाला आधीच विचारा.

आईवडिलांकडून भारतातून पैसे येणार असतील तर ते लवकर मागवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात. लेंडर शेवटच्या दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट मागतो आणि प्रत्येक मोठ्या रकमेचा उगम विचारतो. ऑफर मान्य झाल्यावर आठवड्याभरात भारतातून तीस लाख रुपये खात्यात उतरले तर गिफ्ट लेटर, पाठवणाऱ्याचं खातं, बँकेचा दाखला हे गोळा करता करता कर्जाची मुदत संपते.

सावधान: "राहणार आहे असं सांगायचं आणि राहायचं नाही" हा सल्ला ओळखीतला कुणी ना कुणी देतोच. मालक राहणार या अटीवर घेतलेल्या कर्जात ६० दिवसांत राहायला जायचं आणि निदान एक वर्ष राहायचं असतं. कर्जाच्या अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. व्हिसावरच्या माणसाने तर हा विचारही मनात आणू नये.

तपासा: हातात लेंडरचं प्री-अप्रूव्हल (किती कर्ज देऊ याचं पत्र) आहे का, आणि त्यावर "२ ते ४ युनिट" असं स्पष्ट आहे का? एका युनिटच्या घरासाठी घेतलेलं प्री-अप्रूव्हल इथे चालत नाही.

## टप्पा २: गाव निवडा, म्हणजे तिथला कायदा निवडा

भाड्याच्या घरात तुमच्या आणि भाडेकरूच्या मध्ये राज्याचा आणि गावाचा कायदा उभा असतो. एकाच किमतीची दोन घरं नदीच्या दोन काठांवर असली तरी त्यांचं गणित वेगळं असू शकतं.

न्यू जर्सीत लीजची मुदत संपली म्हणून भाडेकरूला बाहेर काढता येत नाही, कायद्यात लिहिलेलं कारण लागतं. मालक स्वतः राहत असेल आणि भाड्याची युनिट दोन किंवा कमी असतील तर मात्र हा नियम लागू होत नाही. भाडे नियंत्रण तिथे गावागावाचं वेगळं आहे. तीन किंवा जास्त युनिट असली की इमारत राज्याकडे नोंदवावी लागते आणि ठरावीक काळाने सरकारी तपासणी होते. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर शिशाच्या रंगाचा धोका काढून टाकणं मालकावर बंधनकारक आहे, आणि मूल आहे म्हणून घर नाकारणं बेकायदा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याइतकंच घेता येतं. दोनपेक्षा जास्त मालमत्ता नसलेल्या छोट्या मालकांना काही अटींवर दोन महिन्यांची सवलत आहे.

हे पाठ करायचं नाही. तुम्ही निवडलेल्या गावासाठी चार प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा. भाडं दर वर्षी किती वाढवता येतं? भाडेकरूला कोणत्या कारणाने आणि किती दिवसांच्या नोटिशीने काढता येतं? डिपॉझिट किती आणि कुठल्या खात्यात ठेवायचं? भाड्याने देण्याआधी गावाचं कुठलं प्रमाणपत्र लागतं? नगरपालिकेच्या कार्यालयात फोन केला तर यातली निम्मी उत्तरं दहा मिनिटांत मिळतात.

एक किंवा फार तर दोन गावं निवडा. सहा गावांत शोधणाऱ्याला कुठल्याच गावातलं खरं भाडं कळत नाही.

## टप्पा ३: शोध, आणि बघायला गेल्यावर काय मोजायचं

झिलो आणि रेडफिनवर "मल्टी-फॅमिली" असा फिल्टर लावून सगळे जण बघतातच. त्यापुढे दोन वाटा उपयोगी पडतात. एक, असा एजंट जो स्वतः अशी घरं विकत आला आहे. त्याला विचारा, "गेल्या वर्षभरात भाडेकरूंसकट किती घरं क्लोज केलीत?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा बघा. दोन, काउंटीच्या कर नोंदी. त्या सार्वजनिक असतात. ज्या घरमालकाचा टपालाचा पत्ता दुसऱ्या राज्यातला आहे आणि घर पंधरा-वीस वर्षं त्याच्याच नावावर आहे, त्याला साधं हाताने लिहिलेलं पत्र टाका. बहुतेक उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांच्याशी घासाघीस करायला वेळ मिळतो, वीस जणांची बोली लागत नाही.

प्रत्यक्ष घर बघायला गेलात की ग्रॅनाइटचे ओटे नंतर बघा. आधी मोजा.

एका थ्री-फॅमिलीच्या दारात मी उभा होतो तेव्हा तीन बेल होत्या, तीन पत्रपेट्या होत्या, त्यांवर १, २, ३ असे पितळी आकडे. तळघरात उतरलो तर भिंतीवर विजेचे मीटर दोनच. गॅसचेही दोन. तिसरं युनिट म्हणजे तळघराच्या मागच्या भागात टाकलेली एक भिंत, एक सिंक आणि छताला लागून असलेली एकच अरुंद खिडकी. आग लागली तर तिच्यातून लहान मूलही बाहेर पडलं नसतं. तिथे एक कुटुंब राहत होतं. दुसऱ्या दिवशी कर नोंद पाहिली: टू-फॅमिली. जाहिरातीतली किंमत तीन युनिटची, कायद्यातलं घर दोन युनिटचं.

असं घर घेतलं तर अप्रेझर दोनच युनिट धरतो, कर्ज अडतं, आणि बेकायदा युनिटमध्ये अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. न्यू जर्सीत असं युनिट बंद करायला लागलं तर बाहेर पडणाऱ्या भाडेकरूला सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम मालकाने द्यायची असते. आणि पैशांच्या आधीची गोष्ट म्हणजे त्या खिडकीमागे कुणाचा तरी जीव असतो.

तपासा, ऑफर देण्याआधी: जाहिरातीतली युनिटची संख्या, कर नोंदीतली संख्या, गावाच्या झोनिंग खात्यातली किंवा सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सीवरची (राहायला परवानगी असल्याच्या दाखल्यावरची) संख्या आणि विजेच्या मीटरची संख्या. चारही जुळले पाहिजेत. झोनिंग आणि सर्टिफिकेटच्या आकड्यावर तडजोड नाही. मीटर कमी असेल तर निदान "एकच मीटर का, वीज कोण भरतं" याचं पटणारं उत्तर हवं.

## टप्पा ४: आकडे स्वतः मांडा

सर्वांत जास्त माणसं या टप्प्यावर फसतात, म्हणून इथे थांबून एक पूर्ण उदाहरण करू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

तीन युनिटचं घर, किंमत ६ लाख डॉलर, प्रत्येक युनिटचं भाडं १,९०० डॉलर. वर्षाचं भाडं ६८,४०० डॉलर. विकणाऱ्याच्या कागदावर खर्च असा: मालमत्ता कर ८,०००, विमा २,२००, पाणी २,७००. एकूण १२,९००. उरले ५५,५००, म्हणजे कॅप रेट (खर्च जाऊन उरलेलं भाडं भागिले घराची किंमत) सव्वानऊ टक्के. तुम्ही २५ टक्के भरून साडेचार लाखांचं कर्ज ७ टक्क्यांनी ३० वर्षांसाठी घेतलं तर वर्षाचा हप्ता ३५,९२६ डॉलर. कागदावर वर्षाला साडेएकोणीस हजार सुटतात. कुणालाही मोह होईल.

आता तेच घर खऱ्या खर्चाने मांडू.

- घर रिकामं राहणं आणि न मिळालेलं भाडं ८ टक्के: ५,४७२. हाती येणारं भाडं ६२,९२८.
- मालमत्ता कर, विक्रीनंतरचा: ११,०००.
- मालक राहत नसलेल्या घराचा विमा: ३,६००.
- पाणी आणि सांडपाणी: २,७००.
- जिन्यातली वीज, बर्फ काढणं, गवत कापणं: १,८००.
- किरकोळ दुरुस्त्या, भाड्याच्या ८ टक्के: ५,४७२.
- छप्पर, बॉयलर, हीटर यांसाठी दर युनिट दरमहा १५० बाजूला: ५,४००.
- व्यवस्थापन, हाती आलेल्या भाड्याच्या ८ टक्के: ५,०३४.

खर्चाची बेरीज ३५,००६. उरले २७,९२२. कॅप रेट सव्वानऊ नाही, साधारण ४.६५ टक्के. हप्ता गेल्यावर वर्षाला ८,००४ डॉलर पदरचे घालायचे. भिंती त्याच, भाडेकरू तेच, आणि दोन कागदांत वर्षाला साडेसत्तावीस हजारांचा फरक.

यात सर्वांत फसवी ओळ कराची आहे. विकणारा तिथेच राहत असेल तर त्याला होमस्टेडची सवलत असते, ती तुम्हाला मिळेलच असं नाही. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे जुन्या मालकाचं करमूल्य वर्षाला फार तर २ टक्के वाढतं आणि विक्री झाली की नव्या किमतीवर येऊन बसतं. तीस वर्षं घर धरून बसलेल्याचं कराचं बिल बघून गणित केलंत तर पहिल्याच वर्षी धक्का बसेल. कर नेहमी तुमच्या खरेदी किमतीवर आणि सवलत न धरता काढा.

व्यवस्थापनाची ओळ "मीच बघणार" म्हणून पुसू नका. दोन वर्षांनी नोकरी दुसऱ्या राज्यात गेली की तो खर्च येणारच आहे.

मग हे घर सोडून द्यायचं? आधी उलट गणित करा. २७,९२२ मधून फक्त हप्ताच भागवायचा असेल तर याच अटींवर कर्ज साधारण साडेतीन लाखांचं हवं, म्हणजे किंमत ४ लाख ६६ हजारांच्या आसपास. त्या किमतीलाही हातात काही उरत नाही. हा आकडा वहीत लिहून ठेवा. बोली लावताना तोच तुमचा लगाम.

एफएचएने तीन किंवा चार युनिट घेणाऱ्यांनी आणखी एक चाचणी आधीच करावी. सगळ्या युनिटचं बाजारभावाने भाडं, तुमच्या स्वतःच्या युनिटसकट, त्याचे ७५ टक्के काढा. महिन्याचा एकूण हप्ता, कर आणि विम्यासह, त्याहून जास्त असता कामा नये. आपल्या उदाहरणात ५,७०० चे ७५ टक्के ४,२७५. साडेतीन टक्के भरून घेतलं तर कर्जाचा विमा धरण्याआधीच महिन्याचा आकडा ५,००० च्या पुढे जातो. नापास. हे अनेकांना अप्रेझल झाल्यावर कळतं, तेव्हा पाच-सहाशे डॉलर गेलेले असतात. दोन युनिटच्या घराला ही चाचणी नाही.

"टॅक्समध्ये वाचेल" या आधारावर तोट्याचं घर घेऊ नका. इमारतीच्या किमतीचा घसारा २७.५ वर्षांत मिळतो, जमिनीचा मिळत नाही. भाड्याचा तोटा पगारातून वजा करण्याची २५,००० डॉलरची सवलत आहे खरी, पण ती १ लाख उत्पन्नापासून कमी होत जाते आणि दीड लाखाला संपते. आपल्यातल्या बहुतेक दोन पगारांच्या घरांत ती उरतच नाही. तोटा पुढच्या वर्षांसाठी साठत राहतो, एवढंच.

## टप्पा ५: ऑफर

ऑफरमध्ये किमतीपेक्षा अटी महत्त्वाच्या. इन्स्पेक्शन, कर्ज आणि अप्रेझल या तिन्ही अटी ठेवाच. त्यांत चौथी घाला: सगळे लीज, वर्षभराच्या भाड्याच्या नोंदी आणि विकणाऱ्याच्या टॅक्स रिटर्नमधलं शेड्यूल ई (भाड्याचं उत्पन्न दाखवणारा भाग) हे ठरावीक दिवसांत मिळतील आणि समाधान झालं नाही तर व्यवहार रद्द करता येईल. पाचवी: सगळी युनिट आतून बघायला मिळतील. "तिसऱ्या मजल्याचा भाडेकरू घरी नसतो" हे कारण मान्य करायचं नाही.

स्वतः राहायला जाणार असाल तर कुठलं युनिट क्लोजिंगला रिकामं मिळणार हे करारात लिहून घ्या. लीज विक्रीमुळे संपत नाही, ती नव्या मालकालाही बांधील असते. लेंडर म्हणतो ६० दिवसांत राहायला जा आणि भाडेकरूकडे अजून नऊ महिन्यांची लीज आहे, ही कोंडी मी वारंवार पाहिली आहे. न्यू जर्सीत तीन किंवा कमी युनिटच्या घरात खरेदीदाराला स्वतः राहायचं असेल आणि युनिट रिकामं देण्याची अट करारात असेल तर मालक दोन महिन्यांची नोटीस देऊ शकतो, पण चालू लीजची मुदत आधी संपावी लागते. एजंटने तयार केलेल्या करारावर तिथे वकिलाने बघण्यासाठी तीन कामकाजाचे दिवस मिळतात. ते वाया घालवू नका.

## टप्पा ६: भाडेकरूंचे कागद

हा टप्पा इन्स्पेक्शनच्या आधी किंवा निदान सोबत करा. कागद चुकीचे निघाले तर इन्स्पेक्शनचे पैसे वाचतात.

विकणाऱ्याचा रेंट रोल (कोणत्या युनिटचं भाडं किती याची यादी) म्हणजे त्याचं म्हणणं. त्याची खातरजमा भाडेकरूकडून करायची, आणि त्यासाठीचा कागद म्हणजे एस्टॉपेल सर्टिफिकेट. प्रत्येक भाडेकरू सही करून सांगतो: भाडं किती, डिपॉझिट किती दिलं, लीज कधीपर्यंत, भाडं कुठपर्यंत भरलंय, मालकाने काही कबूल केलंय का, फ्रिज-वॉशर कुणाचा.

एका घराच्या रेंट रोलवर पहिल्या मजल्याचं भाडं २,१०० होतं. भाडेकरूच्या कागदावर १,८५०. दोघंही खोटं बोलत नव्हते. बर्फ काढणं आणि कचऱ्याचे डबे बाहेर नेणं या बदल्यात अडीचशे डॉलर माफ असं तोंडी ठरलेलं होतं. वर्षाला ३,००० डॉलरची ही सूट नव्या मालकाकडेही चालत आली असती.

यानंतर डिपॉझिट. कुठल्या बँकेत आहे, व्याज किती झालं, हे कागदावर घ्या. न्यू जर्सीत जुन्या मालकाने डिपॉझिट तुमच्याकडे दिलं नाही तरी भाडेकरूला परत करण्याची जबाबदारी नव्या मालकाची असते. क्लोजिंगच्या हिशेबात ती रक्कम तुमच्या बाजूला आलीच पाहिजे.

तपासा: शेड्यूल ईवरचं भाडं आणि रेंट रोलवरचं भाडं जुळतं का? "टॅक्सला कमी दाखवलंय, खरं जास्त आहे" असं कुणी म्हणालं तर कमी आकडा धरा.

## टप्पा ७: इन्स्पेक्शन

नेहमीच्या इन्स्पेक्शनबद्दल फार लिहीत नाही. जुन्या भाड्याच्या घरांत जादा काय बघायचं ते सांगतो.

सांडपाण्याच्या नळीत कॅमेरा घालून बघा. काही शे डॉलरचं काम आहे, आणि झाडाच्या मुळांनी फोडलेली नळी बदलायला त्याच्या कितीतरी पट लागतात. तीन कुटुंबांचं सांडपाणी एकाच नळीतून जातं हे विसरू नका. ईशान्येकडच्या जुन्या घरांत अंगणाखाली तेलाची टाकी पुरलेली आहे का यासाठी टँक स्वीप करा. ती गळत असेल तर माती साफ करायचा खर्च घराच्या मालकावर येतो. विजेच्या पॅनेलवर फेडरल पॅसिफिक या जुन्या कंपनीचं नाव दिसलं किंवा भिंतीत जुनं नॉब-अँड-ट्यूब वायरिंग निघालं तर इन्स्पेक्टरचा शेरा वाचण्याआधी विमा एजंटला फोन करा. बऱ्याच कंपन्या असं घर घेतच नाहीत.

घर १९७८ पूर्वीचं असेल तर विकणाऱ्याने शिशाच्या रंगाची माहिती लेखी द्यायची असते आणि तपासणीसाठी तुम्हाला दहा दिवस मिळतात. पुढे तुम्ही मालक झालात की हीच माहिती नव्या भाडेकरूला देण्याची जबाबदारी तुमची.

इन्स्पेक्टरसोबत तुम्ही स्वतः जा, आणि भाडेकरू भेटले तर नम्रपणे विचारा, "हिवाळ्यात घर गरम राहतं ना? पाणी कुठे गळतं का?" त्यांना जे माहीत असतं ते कुठल्याच अहवालात येत नाही.

## टप्पा ८: अप्रेझल, विमा, टायटल

दोन ते चार युनिटच्या अप्रेझलमध्ये बाजारभावाने भाड्याचा अंदाजही असतो. अहवाल आला की युनिटची संख्या आणि भाडं तुमच्या कागदाशी ताडून बघा.

विम्याचा भाव ऑफरच्या आठवड्यातच मागवा. मालक राहत नसेल तर साधी होमओनर्स पॉलिसी चालत नाही, भाड्याच्या घराची पॉलिसी लागते. पुराचं नुकसान दोन्हींत येत नाही. फेमाच्या (केंद्राच्या आपत्ती खात्याच्या) पुराच्या नकाशावर पत्ता घालून बघा.

टायटल (मालकी हक्क) शोधात गावाचे थकलेले पाणी आणि सांडपाण्याचे पैसे, बंद न केलेल्या परमिट आणि हाउसिंग खात्याच्या नोटिसा निघतात का ते वकिलाला मुद्दाम विचारायला सांगा. परमिट न घेता केलेलं तिसऱ्या मजल्याचं बाथरूम विक्रीनंतर तुमचं होतं.

सावधान: घर लगेच एलएलसीच्या (स्वतःच्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) नावावर करण्याची घाई नको. व्यक्तीच्या नावाने घेतलेल्या कर्जाच्या करारात मालकी बदलल्यास सगळं कर्ज मागण्याचा लेंडरला हक्क असतो. आधी लेंडरला लेखी विचारा.

## टप्पा ९: क्लोजिंगचा दिवस आणि पहिला महिना

पैसे वायर करण्याची माहिती ईमेलने आली तर ईमेलमधल्या नंबरवर फोन करू नका. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर टायटल कंपनीला किंवा वकिलाला फोन करून खाते क्रमांक वाचून घ्या. चुकीच्या खात्यात गेलेला पैसा परत मिळणं फार अवघड असतं, आणि नेमक्या याच दिवशी खोट्या ईमेल येतात.

आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी पुन्हा एकदा सगळी युनिट बघा. रिकामं मिळायचं ठरलेलं युनिट खरंच रिकामं आहे ना? हिशेबाच्या कागदावर तीन ओळी शोधा: या महिन्याच्या उरलेल्या दिवसांचं भाडं, डिपॉझिट आणि त्यावरचं व्याज. मूळ लीज, एस्टॉपेल, सगळ्या किल्ल्या आणि मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग घेतल्याशिवाय उठू नका. रीडिंगचा फोनवर फोटो काढा.

मग त्याच आठवड्यात प्रत्येक भाडेकरूला पत्र द्या: नवा मालक कोण, भाडं कुठे भरायचं, दुरुस्तीसाठी कुणाला फोन करायचा, तुमचं डिपॉझिट आता कुठल्या बँकेत आहे. भाडेकरू या बदलाने घाबरलेला असतो, त्याला वाटतं आपल्याला काढणार. पत्र हातात देताना दोन मिनिटं बोला.

आणि एखादं युनिट रिकामं असेल तर जाहिरात लिहिण्याआधी थांबा. आपल्या ग्रुपवर रोज दिसणारी "फक्त व्हेज इंडियन फॅमिली" किंवा "मुलं नसलेलं जोडपं" ही वाक्यं फेअर हाउसिंग कायद्याच्या विरुद्ध जातात. वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश, मुलं असणं आणि अपंगत्व या सात गोष्टींवरून निवड करता येत नाही. मालक स्वतः राहत असलेल्या चार युनिटपर्यंतच्या घराला त्या कायद्यात काही सूट आहे, पण जाहिरातीतल्या शब्दांना ती नाही, वंशावरून नाकारण्यालाही नाही. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये भाडं सरकारी व्हाउचरमधून येतं म्हणूनही नाकारता येत नाही.

त्याऐवजी निकष आधी लिहून ठेवा: उत्पन्न भाड्याच्या किती पट हवं, क्रेडिट स्कोअर किती, आधीच्या मालकाचा दाखला हवा का. व्हाउचर असेल तर उत्पन्नाचा निकष भाडेकरूने स्वतः भरायच्या भागालाच लावा. येणाऱ्या प्रत्येकाला तोच कागद, त्याच क्रमाने, अर्जावर तारीख आणि वेळ टाकून. क्रेडिट रिपोर्ट बघून कुणाला नकार दिलात तर कुठल्या कंपनीचा रिपोर्ट होता हे सांगणारी नोटीस द्यावी लागते, ती लेखीच द्या. तिची एक प्रत फाइलमध्ये लावा.